पाच टनांचा हिशेब

मिरजेहून लातूरकडे रेल्वेने निघालं की बार्शी लाईटचा इतिहास शेवटच्या प्रकरणापासून मागे वाचावा लागतो. मिरजेचा फाटा सर्वांत धाकटा, १९२७ सालचा. पुढे पंढरपूर लागतं, ते १९०६ चं. त्यापुढे कुर्डुवाडी ते बार्शी हा मूळ तुकडा, १८९७ चा. आणि तिथून लातूरपर्यंतचा मार्ग १९११ चा. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा हा अडीच फुटी रूळमार्ग लंडनमध्ये नोंदलेल्या एका छोट्या कंपनीने तीस वर्षांत टाकला. आज तिथे साडेपाच फुटी ब्रॉडगेज आहे. लोक मात्र अजूनही ‘बार्शी लाईटची लाईन’ असंच म्हणतात.

मिरज स्टेशनात एकेकाळी तीन गेज एकत्र नांदत होते. बंगळूरच्या बाजूची मीटरगेज जुनी. पुण्याहून ब्रॉडगेज आली १९७१ मध्ये. आणि पंढरपुराकडून येणारी नॅरोगेज होतीच. तीन रुंदीचे रूळ, तीन उंचीचे डबे, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सामान हलवणारे हमाल. आता सगळीकडे एकच रुंदी आहे, आणि माझी गाडी कुठलाही भेद न करता मुख्य यार्डातूनच सुटली.

आरग, बेळंकी, सलगरे. द्राक्षांचे मांडव दिसतात, त्यांच्या आसपास बेदाणा सुकवायची हिरव्या जाळीची शेड. कवठे महांकाळला एक आजी चढल्या, गळ्यात माळ, हातात पिशवी, पंढरपूरला निघालेल्या. जुन्या गाडीचा विषय मी काढायचाच अवकाश.

“आमचं मालक टपावर बसून जायचं वारीला,” त्या म्हणाल्या. “मी आत पोरांस्नी घिऊन, ते वर.”

“भीती नाही वाटायची, आजी?”

“कशाची भ्या? समदं गावच वर असायचं की.”

बार्शी लाईटबद्दल बोलायला बसलं की अशा आठवणी निघतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या पाठोपाठ चेष्टाही येते. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातल्या शेंगा उपटाव्यात, पुन्हा डबा गाठावा, वगैरे. ही चेष्टा मला आता सहन होत नाही. लोकांनी पाहिली ती या गाडीची अखेरची दोन-तीन दशकं. इंजिनं थकलेली होती आणि रूळ झिजलेले. जन्माच्या वेळी ही गाडी जगातल्या रेल्वे इंजिनिअरांनी येऊन बघावी अशी होती, आणि ते खरोखर बघायला आले होते. ती हकीकत कुर्डुवाडीला पोचल्यावर सांगतो.

तिथे पोचेपर्यंत ढालगाव, जत रोड, सांगोला ही स्टेशनं मागे पडतात. माळरान, मध्येच डाळिंबाच्या बागा. या पट्ट्यात मिरजेचा फाटा टाकताना कंपनीला फार मालाची आशा नसावी. दोन टोकं जोडण्यासाठी तो टाकला असं नकाशा पाहताना वाटतं. पंढरपूरला आजी उतरल्या आणि जवळजवळ सगळा डबाच त्यांच्या मागे उतरला. पुढे भीमेचा पूल ओलांडून गाडी आष्टी, मोडनिंबकडे लागते. १९०६ च्या आधी मुंबई-पुण्याकडचा वारकरी कुर्डुवाडीलाच उतरायचा आणि पुढची पन्नास किलोमीटरची वाट पायी किंवा बैलगाडीने काढायचा. पंढरपूरचा फाटा म्हणजे या कंपनीची हक्काची कमाई. कापसाचा भाव पडेल, ज्वारी जळेल, आषाढी मात्र दरवर्षी येणारच.

कुर्डुवाडीला मी मुद्दाम बराच वेळ काढला.

या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) कंपनीची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाईन १८५९ मध्ये इथे पोचली, पण बार्शी गाव तिच्यापासून पस्तीस किलोमीटर बाजूला राहिलं. बार्शी ही त्या काळची मोठी बाजारपेठ. निजामाच्या मुलखातला कापूस, तेलबिया, धान्य बालाघाटावरून उतरून तिथे यायचं आणि मग बैलगाड्यांनी काळ्या मातीतून स्टेशन गाठायचं. पावसाळ्यात त्या मातीत चाक रुतलं की माल तिथेच अडकायचा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला. पस्तीस किलोमीटरची ही खोट त्याच्या नजरेत भरली. त्याने सर्वेक्षण केलं, सरकारकडे परवानगीसाठी खेटे घातले, नोकरी सोडली, आणि १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. दोन वर्षांनी गाडी धावली. ते सोलापूर जिल्ह्याला दुष्काळाचं साल होतं.

कॅलथ्रॉपची खरी करामत रुळांच्या रुंदीत नव्हती, वजनाच्या हिशेबात होती. अरुंद रुळांच्या गाड्या त्याच्या आधीही होत्या. पण त्यांचा एक दोष ठरलेला असायचा. रूळ किती जाड हवा हे सर्वांत जड चाकजोडीवरून ठरतं, आणि सर्वांत जड चाकजोडी असते इंजिनाची. म्हणजे एका इंजिनासाठी सगळ्या मार्गावर महागडा रूळ घालायचा, आणि मागचे डबे त्या रुळाच्या ताकदीच्या निम्म्यानेही भरायचे नाहीत. कॅलथ्रॉपने ठरवलं की कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, इंजिनाच्याही नाही. आणि भरलेली वाघीण मात्र त्या पाच टनांपर्यंत पुरेपूर पोचेल. पालखीला भोई वाढवले की प्रत्येकाचा खांदा हलका होतो, तसं त्याने इंजिनाचं वजन बारा चाकांवर वाटलं. चार जोड्या एकमेकींना जोडलेल्या, त्यांच्या मागे आणखी दोन. लीड्सच्या किटसन कारखान्याने ही इंजिनं बांधली.

वाघिणींसाठी त्याने दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी घेतल्या. लीड्स फोर्ज कंपनी तेव्हा हे नवं तंत्र वापरत होती. जाडजूड लोखंडी तुळया जोडून केलेल्या चौकटीपेक्षा ही चौकट हलकी आणि तेवढीच दणकट. २५ फूट लांब, ७ फूट रुंद वाघीण, खाली दोन बोगी, चार चाकजोड्या. चार पंचे वीस टन, आणि वाघीणच हलकी असल्यामुळे त्यातला मोठा वाटा निव्वळ मालाचा. एवढ्यासाठी रूळ लागला यार्डाला तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचा. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो.

लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून या गाड्यांच्या जाहीर चाचण्या झाल्या आणि ठिकठिकाणचे इंजिनिअर त्या बघायला जमले. इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेचा इंजिनिअर पुढे कॅलथ्रॉपच झाला. १९०४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यावर अडीच फुटी रुळांवरून धावणारे वाहक डबे होते. रुंद गेजची भरलेली वाघीण जशीच्या तशी त्यांच्या पाठीवर चढवायची, म्हणजे गेज बदलताना माल उतरवायला नको. बार्शीच्या कापसाच्या गाठी कुर्डुवाडीच्या धक्क्यावर एका वाघिणीतून दुसरीत जाताना त्याने पाहिल्या असणार. ही युक्ती त्याच धक्क्यावर सुचली असावी, असा माझा कयास आहे.

हा माणूस रेल्वेपुरता थांबला नाही. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करायला घेतलं आणि त्याला नाव दिलं गार्डियन एंजल. माणसाचा भार जपून खाली उतरवायचा, हाही वजनाचाच प्रश्न. १९२७ मध्ये तो वारला. बार्शी लाईट मिरजेला पोचली त्याच वर्षी.

कुर्डुवाडी स्टेशनाच्या एका बाजूला जुन्या रुळांचे तुकडे कुंपणाचे खांब म्हणून पुरलेले आहेत. त्यातला एक इतरांपेक्षा बारीक दिसला म्हणून मी जवळ गेलो. डोकं दोन बोटांच्या रुंदीचं, एका बाजूने झिजून तिरकं झालेलं, म्हणजे हा वळणावरचा बाहेरच्या अंगाचा रूळ असणार. कमरेला एक भोक, फिशप्लेटच्या बोल्टाचं. गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते. एवढ्याशा लोखंडावरून पंढरीची आषाढी गेली आहे. शेजारच्या मोठ्या रुळावर हात ठेवला, तर तो तळव्यात मावेना.

इथला वर्कशॉप नॅरोगेजच्या इंजिन-डब्यांसाठी उभा राहिला. माथेरानच्या छोट्या गाडीचे डबेही दुरुस्तीसाठी इथे आलेले आहेत. फाटकापाशी एक गृहस्थ भेटले, वडील इथे खलाशी होते म्हणाले. “काका, तुम्ही आत गेला असाल लहानपणी?” विचारलं तर त्यांनी भट्टी कुठे होती, चाकं कुठे चढवायचे, शिफ्टचा भोंगा किती वाजता व्हायचा, सगळं हातवारे करून सांगितलं. “गाव भोंग्यावर उठायचं आमचं,” म्हणाले. मला ते अगदी पटलं. कुर्डुवाडी हे गाव रेल्वेनेच वसवलेलं. जंक्शन, शेड, वर्कशॉप, मालधक्का आणि त्याभोवतीची वस्ती. गेजबदल झाल्यावर माल उतरवायचं-चढवायचं कामच उरलं नाही, आणि त्या कामावर जगणारी हमालांची पिढी संपली. रुंद गेज हवाच होता. पण त्याची किंमत कोणी दिली हेही लिहून ठेवायला हवं.

लातूरच्या गाडीत बसलो. बार्शीपर्यंतची जमीन सपाट, काळी. १८९७ मध्ये बार्शीकरांनी पहिल्यांदा या वाटेने गाडी येताना पाहिली असेल तेव्हा गाडीवानांच्या पोटात गोळा आला असणार आणि अडत्यांची कळी खुलली असणार. रेल्वेमागून कापडगिरण्या आल्या. आज त्या थंड आहेत, पण भुसार बाजार अजून भरतो. मी उतरून भगवंताच्या देवळापर्यंत जाऊन आलो. बाजारातून परतताना तुरीच्या पोत्यांचे ढीग पाहिले आणि हे गावच मुळात वाहतुकीच्या जिवावर मोठं झालं हे पुन्हा जाणवलं.

बार्शीनंतर बालाघाट सुरू होतो. येडशीजवळ रामलिंगच्या रानात डोंगर जवळ येतात, झाडी दाटते. जुनी गाडी इथे दमायची. तिची लाईन येडशीहून सरळ लातूरकडे जायची आणि धाराशिव शहर बाजूला राहायचं. जिल्ह्याचं ठिकाण, पण रेल्वे नाही. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून धाराशिवला नेला, त्यामुळे अंतर वाढलं. जुन्या कंपनीने जे गाव सोडलं ते शंभर वर्षांनी जोडलं गेलं, आणि हा फेरा मला योग्य वाटतो. बार्शीची खोट भरून काढणाऱ्या रेल्वेने धाराशिवला तीच खोट दिली होती.

१९५४ च्या जानेवारीत सरकारने ही कंपनी विकत घेतली. नंतर गेल्या शतकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने गेजबदल झाला. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, सगळ्यात शेवटी मिरजेची बाजू. हे काम रेंगाळलं तेव्हा फार टीका झाली, आणि ती रास्तही होती. पण ते पुरं झालं नसतं तर २०१६ चा एप्रिल लातूरला कसा गेला असता, याचा विचार करवत नाही.

त्या वर्षी लातूरचे पाणीसाठे आटले होते. टँकरभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी निघाली ती याच वाटेने, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत. १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. मिरजेचा फाटा, पंढरपूरचा, मूळचा आणि लातूरचा असे चारही तुकडे सलग एका कामाला लागले.

गाडीत बसून मी त्या वाघिणींचा हिशेब मांडला. पन्नास टनांहून अधिक पाणी, वर रिकाम्या टाकीचं वजन सत्तावीस टनांच्या आसपास, चार चाकजोड्या. एका जोडीवर जवळजवळ वीस टन. कॅलथ्रॉपची काठोकाठ भरलेली अख्खी वाघीण वीस टनांची होती. तेवढा भार आता एकेक चाकजोडी वाहते, आणि मार्ग बहुतांशी त्याच्याच कंपनीने आखलेला आहे.

लातूरच्या अलीकडे हरंगूळ. बार्शी लाईटच्या काळात आडवाटेचं स्टेशन. आता त्याच्या परिसरात मराठवाडा रेल कोच फॅक्टरी आहे. तिची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, आणि २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तिथे तयार झाला. ज्या मार्गाचे पहिले डबे लीड्सहून आले, त्याच्याच काठावर आता डबे बनणार आहेत. गाडी हरंगुळाला थांबली तेव्हा कामाच्या पिशव्या घेतलेली चार-पाच तरुण मुलं चढली, दारातच उभी राहिली, आणि पुढची पाळी कोणाची यावर लातूर येईपर्यंत त्यांचा वाद चालला होता.