फ्लँडर्समधील कबुतरखाने

बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतांत हिंडतांना घरांच्या कौलांखालीं, माळ्यावर बांधलेले कबुतरखाने आम्हांस जागोजाग दिसले. येथून बार्सिलोना १,००० किलोमीटरांहून अधिक दूर. तेथें सोडलेलीं शर्यतीचीं कबुतरें नेमकीं आपल्याच माळ्यावर परततात!

त्यांस ओढून आणतो तो भिंतीलगतचा लांकडी खण. खणाची मालकी नराची, आणि त्याबाबत तो मोठा हट्टी. दोन नरांनीं एकच खण धरला कीं पंखांच्या थपडा सुरू होतात व अंडीं फुटतात. म्हणून जाणता पाळणारा आरंभींच प्रत्येक जोडपें नेमल्या खणांत कांहीं दिवस कोंडतो. मग एकेकास मोकळें सोडून तें आपल्याच खणांत परततें कीं नाहीं, हें पाहतो. आंत मातीचें पसरट भांडें ठेवलें कीं काड्या जमतात, दोन पांढरीं अंडीं पडतात. उबवण १७-१८ दिवसांची. दुपारची पाळी नराची, रात्रीची मादीची. हा संसार पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

पुढची रीत मात्र रुचली नाहीं. तिचें फ्लेमिश नांवच 'वैधव्य' अशा अर्थाचें आहे. मादीस निराळें ठेवतात; शर्यतीपूर्वीं नरास तिचें क्षणभर दर्शन घडवितात व टोपलींत घालून दूर नेतात. तो परततांच ती खणांत हजर असते. यानें वेग वाढतो, हें खरें.

"वाटेंत ससाण्यानें धरला तर?" आमच्याबरोबरच्या वहिनींनीं विचारलें. तर तो खण पुढील वर्षीं दुसऱ्या नरास द्यावयाचा, असें उत्तर मिळालें.