नवतपात भिलाईला

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भिलाईला जायचे म्हटले, की आम्ही नागपूरकरसुद्धा डोक्याला हात लावतो. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरतो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा. नागपुरात काय किंवा छत्तीसगडात काय, या दिवसांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारची लू अंगावर भट्टीचे दार उघडल्यासारखी येते. पण वन्संच्या मुलीचे लग्न नेमके त्याच आठवड्यात ठरले. मुलीची सख्खी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "मी येणार. ऊन काय मला नवीन आहे?"

प्रश्न उतरण्याचा होता. वन्संचे घर सेक्टर ६ मध्ये, कारखान्याच्या जुन्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, व्हरांडा, मागे छोटेसे अंगण. पाहुणे मात्र तीस! यावर ह्यांनी उपाय काढला तो आपल्या लाडक्या गाडीचा. निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी प्रवासी गाडी घेऊन, आरटीओची रीतसर परवानगी काढून, तिच्यात दोन बाकांचे पलंग, छोटा फ्रीज आणि एक टनाचा जुना खिडकीचा एसी बसवून घेतला होता. अमेरिकेत अशा फिरत्या घरांना 'आरव्ही' म्हणतात. आमच्या गल्लीत तिला 'काकांचा बंगला' म्हणतात. "आई बंगल्यात झोपेल, गार हवेत," असे म्हणून ह्यांनी दोन केव्हीएचा पेट्रोलवरचा छोटा जनरेटरही विकत घेतला.

लोखंडाच्या गावाची सावली

भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग अशी वाट. राष्ट्रीय महामार्ग ५३ आता चांगला रुंद आहे. साधारण पावणेतीनशे किलोमीटर. पहाटे चारला निघालो आणि ऊन चढायच्या आत भिलाईत शिरलो.

भिलाई म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे धूर आणि चिमण्या येतात. प्रत्यक्षात कारखान्याच्या वसाहतीत शिरले की प्रथम दिसतात ती झाडे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि या माळरानावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज इथे येते आणि रेल्वेचे रूळ होऊन देशभर जाते. आपण मुंबईला जातो, कोलकात्याला जातो, तेव्हा चाकांखाली बहुधा भिलाईच असते.

कारखान्याबरोबरच कामगारांसाठी सेक्टर आखले गेले. सरळ रस्ते, नंबर घातलेल्या स्ट्रीट, प्रत्येक क्वार्टरपुढे थोडी जागा. त्या जागेत कोणी आंबा लावला, कोणी पेरू, कोणी कढीपत्ता. साठ वर्षांपूर्वी लावलेली ती रोपे आज रस्त्यावर कमानी धरून उभी आहेत. सेक्टर ६ मधली जामा मशीद तर दूरवरून लोक पाहायला येतात, कारण वरून पाहिल्यास तिचा आकार अरबी अक्षरांतल्या 'या अल्लाह' या शब्दांसारखा दिसतो. एकाच स्ट्रीटवर तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी आणि आपली मराठी कुटुंबे. वन्संच्या घरी सकाळच्या पोह्यांबरोबर शेजारून इडली येते आणि संध्याकाळी कोणीतरी बोरे बासीची आठवण काढते. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरची! छत्तीसगडच्या उन्हावर याहून स्वस्त आणि मस्त उतारा नाही, असे सासूबाईंचे मत पहिल्याच दिवशी झाले.

हजार वॅट आणि एक धक्का

गाडी वन्संच्या दारापुढच्या आंब्याखाली उभी केली. घरातून वायर ओढायचा विचार आधीच सोडावा लागला होता. तीन कूलर, दोन फ्रीज आणि लग्नाची रोषणाई यांनी घरातले जुने वायरिंग टेकीला आले होते.

ह्यांनी थाटात जनरेटर सुरू केला. एसीचे बटण दाबले. आतला पंखा फिरला, मग 'घुर्र' असा आवाज झाला, जनरेटरवरचा लाल दिवा लागला आणि वीज बंद! पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. जमलेल्या पोरांना फुकटची करमणूक झाली.

एका उत्साही भाच्याने सुचवले, "मामा, जनरेटरची वायर घराच्याच प्लगला लावू. घरही चालेल, एसीही चालेल."

"खबरदार!" कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारचे काका मूळचे आंध्रातले. पस्तीस वर्षे कारखान्यात, त्यातली बरीचशी झोतभट्टीच्या विभागात विजेचे काम करण्यात गेलेली. ते आत आले आणि भिलाईच्या हिंदीत भाच्याला समजावले, की प्लगमधून उलटी सोडलेली वीज मीटरमार्गे खांबावर जाते. लाइन बंद आहे असे समजून जो वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याचा तिथेच जीव जातो.

मग त्यांनी एक खुर्ची मागवली आणि आमची शिकवणी घेतली. एक टनाचा एसी चालू असताना हजार ते बाराशे वॅट खातो. दोन केव्हीएचा जनरेटर सलग सोळाशे वॅटपर्यंत देतो. म्हणजे कागदावर हिशेब जमतो. पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी चालतानाच्या चार-पाच पट प्रवाह ओढतो. अडकलेली बैलगाडी हलवताना बैलांना पहिला हिसका द्यावा लागतो, तसा. एकदा चाक फिरले की मग काम सोपे. आमचा जनरेटर त्या पहिल्या हिसक्यालाच बसत होता.

त्यातच उन्हाचा दुहेरी मार. हवा तापली की विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि जनरेटरची ताकद घटते. उलट तापलेल्या हवेत एसीला मात्र जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

काकांनी सांगितलेले उपाय साधे होते. आधी फ्रीज आणि बॅटरीचा चार्जर बंद करा. जनरेटरची पेट्रोल वाचवणारी 'इको' कळ बंद ठेवा, म्हणजे इंजिन पूर्ण वेगात तयार राहील. आधी नुसता पंखा लावा, नंतर कूलिंग. एकदा बंद पडले तर किमान तीन मिनिटे थांबा, कारण आतल्या वायूचा दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होणे फार जड जाते. वायर जाड आणि शक्य तितकी आखूड घ्या. आणि मेकॅनिककडून एक स्टार्टिंग कपॅसिटर बसवून घ्या. तो त्या पहिल्या हिसक्याला हातभार लावतो. आता मिळणारे इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतात, म्हणून त्यांना हा त्रास जवळजवळ नसतोच. पण आमचा एसी जुन्या पिढीतला, आमच्यासारखाच!

जनरेटर कुठे ठेवायचा हेही काकांनीच ठरवले. गाडीपासून वीस फुटांवर, कुंपणाच्या कोपऱ्यात, धूर रस्त्याकडे जाईल असा. "इथून हलवायचा नाही," असे त्यांनी दोनदा सांगितले. ते मी ऐकले होते. म्हणून पुढचे लिहिताना जास्तच वाईट वाटते.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक येऊन कपॅसिटर बसवून गेला. दुपारी बाराला एसी सुरू झाला आणि चालत राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणे झाल्यावर सासूबाई आणि वन्संचा सात वर्षांचा नातू बंगल्यात जाऊन झोपले.

दोनच्या सुमारास मी बाहेर आले. सूर्य सरकला होता आणि कुंपणाच्या कोपऱ्यातला जनरेटर भर उन्हात तापत होता. 'हवा तापली की ताकद घटते' हे काकांचे वाक्य मला आठवले. एसी बंद पडून सासूबाईंची झोप मोडू नये, म्हणून मी एका पोराच्या मदतीने जनरेटर उचलून गाडीच्या मागे, सावलीत ठेवला. काकांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी सोयीची तेवढी मी लक्षात ठेवली होती. आत जाणारी वायर मागच्या दारातून घेतलेली, त्यामुळे ते दार बोटभर उघडेच होते.

तासाभराने नातू डुलत बाहेर आला आणि दारातच ओकला. सासूबाई उठून बसल्या होत्या. "डोकं फार दुखतंय ग," म्हणाल्या. आम्हाला वाटले, ऊन लागले. कोणी कैरीचे पन्हे आणले, कोणी कांदा फोडला. "गारव्यातच पडून राहा," असे मीच त्यांना म्हणाले.

तेवढ्यात काका मांडवाचे दिवे बघायला आले. त्यांनी विचारले, "दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखतंय? आणि दोघेही त्या गाडीतच होते?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी गाडीमागे नजर टाकली, धावत जाऊन जनरेटर बंद केला, सगळी दारे उघडली आणि सासूबाईंना उचलून अंगणात आणले. मग गाडी काढून दोघांनाही थेट इस्पितळात.

तिथे तोंडाला मास्क लावून प्राणवायू दिला. संध्याकाळपर्यंत दोघेही बोलू लागले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "आणखी तासभर झोपले असते तर सांगता आलं नसतं."

इस्पितळाच्या व्हरांड्यात काका माझ्याजवळ बसले. रागावले नाहीत. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. धूर पांगल्यासारखा वाटतो तेव्हाही तो असतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही सगळी लक्षणे ऊन लागल्यासारखीच. म्हणून उन्हाळ्यात तो ओळखत नाही.

"पण तुम्ही ओळखलात," मी म्हटले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. झोतभट्टीतून जो वायू निघतो, त्यात पाव हिश्शाच्या आसपास हाच कार्बन मोनॉक्साइड असतो. कारखान्यात नव्या माणसाला पहिला धडा त्याचाच मिळतो. एकाच ठिकाणच्या दोघांना एकदम बरे वाटेनासे झाले, की आधी माणसे बाहेर काढा, कारण नंतर शोधा. १२ जून २०१४ ला कारखान्याच्या पंपहाउसच्या भागात हा वायू पसरला आणि सहा जणांचा बळी गेला. त्यात दोन वरिष्ठ अधिकारीही होते. भिलाईत ती तारीख कोणाला सांगावी लागत नाही.

वाळ्याचा वास

रात्री घरी परतलो. सासूबाईंची मान खाली जाईल असे मीच काही बोलू नये म्हणून गप्प होते. त्याच म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आता कळलं ना? मग जेव आता."

त्या रात्री एसी लागला नाही. काकांनी आपल्या घरातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अंगणात आणून ठेवला. भिलाईची हवा कोरडी, त्यामुळे ओल्या ताटीतून आलेला वारा झटकन गार होतो. तो खातो जेमतेम दोनशे वॅट. घराच्या वायरिंगनेही तक्रार केली नाही. कूलरची रीत एसीच्या उलट. एसीला दारे बंद लागतात, कूलरला उघडी. ओली हवा बाहेर जायला वाट हवी. पाऊस सुरू झाला की त्याची मात्रा चालत नाही, पण नवतपात त्याच्यासारखा सोबती नाही. उघड्या अंगणात, आंब्याखाली, वाळ्याच्या वासात सासूबाई आणि नातू शेजारी शेजारी झोपले. मी मात्र रात्रभर दर तासाला उठून त्यांचा श्वास बघत होते.

लग्न छान झाले. आजीने मंगलाष्टकांना अक्षता टाकल्या, शेवटच्या पंगतीपर्यंत बसल्या. परतीच्या दिवशी काका कुंपणाशी उभे होते. ह्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याने बोलवेना.

आमचा बंगला अजून फिरतो. त्याच्या छताला आता कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा छोटा गजर लावला आहे. जाड वायर चांगली तीस फूट घेतली आहे, आणि ती आत घ्यायला रबराची कड असलेले बंद भोक करून घेतले आहे. जनरेटर सुरू असताना आत कोणी झोपायचे नाही, हा नियम घरात सर्वांना पाठ आहे. टाकी भरायची तीही इंजिन गार झाल्यावरच. गाडी सावलीत उभी करून, जनरेटर लावून आधी ती गार करून घ्यायची आणि मग तो बंद करून खिडक्या उघडून झोपायचे. नवतपात भिलाईला जायचे असेल तर बरोबर छोटा कूलर न्यायचा.

यंदाही वन्संचे बोलावणे आले आहे. सासूबाईंनी विचारले, "शेजारचे काका आहेत ना तिथे?" आहेत म्हटल्यावर त्यांनी पिशवीत लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी भरली. ती काकांसाठी.