खडी

घरी दोन नव्या सायकली आल्या त्या संध्याकाळी आईने त्यांच्याभोवती एक फेरी मारली, टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि विचारले, "एवढी जाड चाकं कशाला?" खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या आहेत म्हणून, असे आम्ही सांगितले. "म्हणजे रस्ता नाही तिथं मुद्दाम जायचं?" एवढेच म्हणून ती आत गेली. आम्ही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

आम्ही दोघे भाऊबहीण. थोरल्याने पन्नाशी गाठली आहे, धाकटीही फार मागे नाही. लिहिताना 'आम्ही' असेच लिहावे असे ठरवले, कारण जे सांगायचे आहे ते दोघांचे मिळून आहे.

या सायकलींना इंग्रजीत 'ग्रॅव्हेल बाईक' म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली मूठ, पण चाके रुंद. आमची टायरे ४५ मिलिमीटरची होती. हा प्रकार रूढ झाला तो अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत होऊ लागली आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. 'ग्रॅव्हेल' म्हणजे आपली खडी. पण इंग्रजी शब्दात मोकळे आकाश आहे, सुटीचे दिवस आहेत. आमच्या घरात मात्र 'खडी' हा शब्द वेगळ्या अर्थाने नांदला. त्याकडे पुढे येऊच.

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही स्पितीला गेलो. हिमाचल प्रदेशातले हे उंच, कोरडे खोरे. मनालीकडून एकदम चढून गेल्यास विरळ हवा बाधते, म्हणून सिमला-किन्नौरमार्गे गाडीने हळूहळू वर सरकलो. वाटेत ताबोचा मठ पाहिला. इसवी सन ९९६ मध्ये उभारलेल्या त्या मातीच्या भिंतींच्या आत आजही चित्रे आहेत. काझा हे मुख्य गाव सुमारे ३७०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी काझ्याचा बाजार वरच राहतो. तिथे दोन दिवस नुसते बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी सायकली जोडल्या.

काझ्याहून लांग्झा पंधरा-सोळा किलोमीटर. अंतर क्षुल्लक, पण चढ सातशे मीटरचा. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. दहा वेळा पायडल मारावे आणि उभे राहावे, अशी गत. वळणे संपली की एकाएकी सपाटी उघडते. खाली स्पिती नदीची करडी घळ, वर पिवळ्या पडलेल्या गवताचे विस्तीर्ण माळ आणि त्यांच्या काठाला पांढऱ्या चुन्याने सारवलेली, सपाट धाब्याची घरे. काही पट्ट्यांत डांबर आहे. ते संपले की खडी, मुरूम, नाल्यांनी आणून टाकलेले गोटे आणि पिठासारखा फुफाटा.

या रस्त्याचा आनंद खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. टायरमधली हवा थोडी कमी केली की रबर दगडावर आपटत नाही, त्याला कवळून पुढे जाते. हात सैल सोडावे लागतात; मूठ घट्ट धरणारा आधी पडतो. डांबरावर चालवताना मन कुठेही भटकते, खडीवर ते पुढच्या दोन हातांवर बांधलेले राहते. कुठे कुठे गाड्यांच्या वर्दळीने पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठल्या होत्या. चाकाने ठरावीक वेग ओलांडला की सपाट वाळूतही अशा लाटा आपोआप उमटतात, हे २००७ साली प्रयोगशाळेत फिरते चाक लावून दाखवले गेले आहे. त्या लाटांवर हाडे खिळखिळी होतात. तरीही संध्याकाळी अंग दुखत असताना आम्ही दोघे लहानपणी हसायचो तसे हसत होतो.

लांग्झा गावाच्या वर बुद्धाची मोठी मूर्ती बसली आहे आणि आसपासच्या मातीत सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. भारतीय भूखंड उत्तरेला रेटत गेला, तसा त्याचा तळ वर उचलला गेला. काळ्या दगडात वेटोळे घातलेला अमोनाइट हातात घेतला आणि देवघरातला शालिग्राम आठवला. गंडकीच्या पात्रातले शालिग्रामही हेच. दगड होता तिथे परत ठेवला.

पुढे हिक्कीम. सुमारे ४४०० मीटरवरचे इथले टपाल कार्यालय १९८३ पासून चालू आहे आणि जगातले सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध आहे. रस्ता येण्याआधी डाकवाले थैली पाठीवर घेऊन काझ्याला पायी जात. सगळे प्रवासी करतात तेच आम्हीही केले, पोस्टकार्ड घेतले. पत्ता आईचा. चौथीपर्यंत शिकलेली आई अक्षरे सावकाश पण नेटकी वाचते, म्हणून थोडेच आणि मोठ्या अक्षरात लिहिले: "आम्ही खुशाल आहोत. रस्ता वाईट आहे, मजा येते. काळजी नसावी." खाली दोघांनी सह्या केल्या.

त्या रात्री कोमिक गावातल्या एका घरी मुक्काम केला. चुलीभोवती सगळे बसले होते. घरच्या बाईंनी सातूचे पीठ चहात कालवून दिले. सातू म्हटल्यावर आम्हीही घरच्यासारखे खाल्ले. इथली जुनी रीत त्यांनी सांगितली. थोरल्या मुलाचे लग्न झाले की मोठे घर आणि जमीन त्याची होते आणि आईबाप शेजारच्या लहान घरात राहायला जातात. धाकटे पूर्वी मठात जात. मग गोष्ट शेतीवर आली. आधी जव पिकायचा, तो घरातच संपायचा. आता मटार होतो. देशात खाली मटाराचा हंगाम नसतो तेव्हा इथला तयार होतो, म्हणून भाव येतो आणि मालमोटार दारापर्यंत येते तेव्हाच तो भाव हाती पडतो. नाल्याने रस्ता तोडला, की तोडलेला मटार पोत्यातच गरम होऊन पिवळा पडतो.

आमच्यापैकी एकाने, कोणी ते सांगत नाही, भाबडेपणाने म्हटले, "तुमचा रस्ता असाच राहू द्या. डांबर आलं की सगळं बिघडतं." हिंदीत बोललो होतो, तरी बाईंना नीट कळले नाही असे वाटले, कारण त्या काही क्षण नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मजेसाठी आलात. आम्हाला हिवाळ्यात पोटुशी बाई काझ्याला न्यायची असते." स्वरात राग नव्हता. त्यांनी आमच्या वाट्यांत आणखी चहा ओतला.

गोधड्यांत शिरल्यावर बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच रात्र होती.

भोरच्या पश्चिमेला, हिर्डस मावळात आमचे गाव. १९८३ चा श्रावण. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. आईचे दिवस भरत आले होते आणि मध्यरात्री कळा सुरू झाल्या, पण काहीतरी अडले. सुईणीने हात टेकले. गावापर्यंत रस्ता नव्हता. डांबरी सडक पाच मैल खाली आणि मध्ये दोन ओढे फुगलेले. वेळूला घोंगडे बांधून डोली केली, चार माणसे पुढे-मागे लागली आणि आईला घेऊन ती पावसात उतरली. थोरल्याला हलत गेलेला कंदील आठवतो. धाकटीला आठवतो तो ओल्या घोंगड्याचा वास. पहिल्या ओढ्याचे पाणी उतरेपर्यंत त्यांना काठावर थांबावे लागले. किती वेळ, हे कोणी कधी सांगितले नाही. आई आठव्या दिवशी परत आली, एकटीच. मुलगी होती, एवढेच आम्हाला कळले. तिचे नाव ठेवायचे राहून गेले.

पुढे दोन वर्षांनी रोजगार हमीवर गावाच्या रस्त्याचे काम निघाले. आई खडी फोडायला जाऊ लागली. सायकलच्या जुन्या टायरचे कडे करून त्यात दगड धरायचा आणि हातोड्याचे घाव घालायचे. म्हणजे दगड निसटत नाही आणि कपची डोळ्यात उडत नाही. बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. मजुरी ब्रासवर. पडलेल्या ढिगाला मापाची चौकट लावून मोजणी होई. घरी गरज होतीच. पण गरज इतरही वर्षी होती आणि इतर कामेही होती. आई मात्र त्या रस्त्याचे काम संपेपर्यंत एकही दिवस चुकली नाही. का, हे आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

हे सगळे माहीत असून आम्ही "रस्ता वाईट आहे, मजा येते" असे तिलाच लिहिले होते. पत्र टपालाच्या पेटीत पडले होते. परत मागणे शक्य नव्हते.

पुढचे दिवस सायकल चालवली, पण बोलणे कमी झाले. की मठाखालून किब्बर, तिथून चिचम, मग लोसर. लोसरहून कुंझुम खिंड सुमारे अठरा किलोमीटर, उंची साडेचार हजार मीटरच्या वर. हिवाळ्यात हा मार्ग बर्फाखाली महिनोन्महिने बंद असतो. खिंडीतून उतरल्यावर बातल आणि तिथून ग्राम्फूपर्यंत चंद्रा नदीच्या काठाने जवळजवळ पन्नास किलोमीटर गोटेच गोटे. ठिकठिकाणी हिमनदीचे पाणी रस्त्यावरूनच वाहते. सायकल खांद्यावर घेऊन ते ओलांडावे लागते.

त्याच टप्प्यात रस्ता रुंद करणाऱ्या मजुरांची एक टोळी भेटली. ही माणसे झारखंडची, दुमका भागातली. काही जण सोलिंगचे दगड हाताने रचत होते. जरा बाजूला एक बाई दगड फोडत बसली होती. शेजारी दगडांच्या आडोशाला कापडात गुंडाळलेले मूल निजले होते. तिच्या डाव्या हाताखाली रबराचे कडे होते. जुन्या टायरचे. आम्ही दोघेही सायकलवरून उतरलो. आमच्या टायरांखाली आठ दिवस जे वाजत होते ते कोणीतरी असेच बसून फोडलेले होते. खडी डोंगरात उगवत नाही.

तिने आमच्या चाकांकडे पाहिले आणि किंमत विचारली. आम्ही खरी किंमत सांगितली नाही. अर्धी सांगितली, तीही तिला खोटी वाटली असावी. ती हसली आणि पुन्हा कामाला लागली.

रस्ता आला की सगळे भले होते, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. आमच्या गावाला रस्ता आला, त्यावर डांबर पडले, एस. टी. आली आणि त्याच एस. टी.त बसून आम्ही पुण्याला आलो. आमच्यामागे निम्मे गाव आले. आज तिथे कुलपे जास्त आहेत. स्पितीतही गुळगुळीत रस्त्यावरून काय काय वर चढेल याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही. पण तो हिशेब मांडण्याचा अधिकार चुलीपाशी बसलेल्या त्या बाईंचा आहे. खडबडीत रस्त्यावर प्रेम करणे ज्याला परवडते त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. आमच्याही होते. प्रेम त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याने दुसऱ्यासाठी निकाल मात्र देऊ नये.

पत्र आमच्यानंतर बारा दिवसांनी पुण्याला पोहोचले. आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले. मग कार्ड उलटे करून चित्र पाहिले, पुन्हा मजकुराकडे आली. "रस्ता वाईट आणि मजा येते," ती म्हणाली, "हे एका ओळीत कसं बसलं रे तुमचं?"

आम्ही कोमिकची गोष्ट सांगितली. मग टायरच्या कड्याची. ते ऐकताना तिने डावा हात उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी जुना वण आहे. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या बाईचं लेकरू किती महिन्यांचं होतं?"

आम्ही विचारले नव्हते.

कार्ड तिने देवघरात, शालिग्रामाच्या बाजूला उभे करून ठेवले आहे. मजकुराची बाजू भिंतीकडे आहे.