बेलिन्झोनाचे तीन गड

मैत्रिणींनो, स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ, गाई आणि सिनेमातली जोडपीच येतात ना? बेलिन्झोनाला यातलं फारसं काही नाही. आल्प्सच्या दक्षिण अंगाचं हे इटालियन बोलणारं गाव, तिचिनो प्रांताची राजधानी. पण गावात मान वर केली की एकापेक्षा एक उंच असे तीन मध्ययुगीन किल्ले दिसतात. २००० सालापासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपले शिवनेरी, राजगड, रायगड वगैरे बारा किल्ले त्या यादीत २०२५ साली गेले, तेव्हा हे आता आपल्या गडांचे भाऊबंदच म्हणायचे.

नणंदबाई झुरिकला असतात. तिथून ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातून (तो २०१६ साली सुरू झाला) गाडी दोन तासांच्या आत इथे पोचते. सासूबाईंनी गाडीतच जाहीर केलं, "मी खाली बसते बाई, तुम्ही या जाऊन." नवल नाही. आपल्यापैकी कितीजणींनी गड पायथ्यावरूनच पाहिलेत, डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत!

पण गंमत ऐका. पहिला किल्ला कास्टेलग्रांदे, अगदी गावाच्या मधोमध खडकावर. खालच्या चौकातून त्या खडकाच्या पोटातच लिफ्ट काढली आहे. आउरेलिओ गाल्फेत्ती या वास्तुकारानं किल्ल्याचा जीर्णोद्धार केला, त्यातलं हे काम. सासूबाई नऊवारी सावरत थेट गडावर! दोन उंच बुरूज, मोकळं हिरवं आवार, तटावर पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या चर्या. तटाशी टेकून त्यांनी विचारलं, "एवढ्याशा गावाला तीन-तीन किल्ले कशाला गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. आल्प्समधल्या गॉटहार्ड, सान बेर्नार्दिनो अशा घाटांच्या वाटा इथेच एकत्र येतात आणि दरीही इथेच अरुंद होते. म्हणजे इटलीचा हा उत्तरेकडचा दरवाजा. मिलानच्या ड्यूकांनी त्याला कुलूप घातलं. कास्टेलग्रांदेपासून नदीपर्यंत दरीत आडवी भिंतच बांधली. १५१५ च्या महापुरात तिचा एक भाग वाहून गेला, बाकीची अजून चालून पाहता येते.

दुसरा मोंतेबेल्लो, द्राक्षमळ्यांच्या वर. तिसरा सास्सो कोर्बारो, गावापासून सुमारे २३० मीटर उंच. १४७८ च्या डिसेंबरात जवळच्या जोर्निको गावी स्विस लोकांनी मिलानच्या फौजेचा पराभव केला. मिलानला अशी काही धडकी भरली की पुढच्याच वर्षी, जेमतेम सहा महिन्यांत, हा चौकोनी किल्ला उभा राहिला! आपल्याकडे घराचा वरचा मजला तेवढ्यात होत नाही. आणि उपयोग? १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतलं, आणि १५०० साली बेलिन्झोनाचे लोक आपण होऊनच स्विसांना मिळाले. एवढं भक्कम कुलूप, पण कडी आतूनच निघाली.

बरेचजण लिफ्टचा किल्ला पाहून परत फिरतात. तुम्ही मात्र तिसऱ्यापर्यंत जाच. यांना सासूबाईंच्या सोबतीला कास्टेलग्रांदेवर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मी नि नणंदबाई निघालो. चढ दमवतो खरा, पण वाट झाडीतून जाते. वरून तिन्ही किल्ल्यांची जागा एका नजरेत कळते, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर माज्जोरे सरोवरही दिसतं. जुन्या तळव्यांच्या चपला नकोत, दगड गुळगुळीत आहेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

शक्यतो शनिवारी जा. जुन्या गावात बाजार भरतो. चीज, पाव, फळं. शाकाहारी असाल तर पोलेंता मागा. मक्याच्या पिठाची आपली उकडच ती, फक्त फोडणी नसते. सासूबाईंनी पिशवीतून लसणीची चटणी काढली आणि प्रश्न मिटला.