फजितीनंतरची दोन मिनिटं

मे महिना संपत आला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : "यंदा काहीतरी हलकंफुलकं द्या." गंभीर लेखनाला ते मुदत वाढवून देतात. हलकंफुलकं मात्र जूनच्या आतच हवं असतं, कारण त्याला वेळ कशाला लागतोय! प्रेमकथा हवी, विनोद हवा आणि नायिका 'आपल्यातली वाटणारी' हवी. म्हणजे जरा धांदरट, जरा बावळट, चारचौघांत नेमकं नको ते बोलून जाणारी. गेली काही वर्षं मी याच प्रकारच्या छोट्या कादंबऱ्या लिहिते आहे आणि ही शेवटची मागणी सगळ्यांत अवघड आहे, असं माझं मत झालंय.

धांदरट नायिका म्हटली की लिहिणाऱ्याचा हात तिला पाडायलाच जातो. ती जिन्यावर घसरते, नायकाच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडते, काचेच्या दाराला धडकते. वाचक पहिल्यांदा हसतो, दुसऱ्यांदा पान उलटतो, आणि तिसऱ्यांदा त्याला वाटायला लागतं की हिला कुणीतरी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. घसरण्यात तिचं स्वतःचं असं काहीच नसतं. ओल्या फरशीवर कुणीही घसरेल. ती कोण आहे हे कळतं ते घसरल्यानंतरच्या दोन मिनिटांत. उठून ती कुणाकडे बघते, काय बोलते, काय लपवते, तिथे. होतकरू लेखक प्रसंग फजितीवर संपवतात आणि नवं प्रकरण सुरू करतात. माझं सगळं काम तिथून पुढे सुरू होतं.

याचे धडे गिरवायला जेन ऑस्टिनइतकी चांगली मास्तरीण नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) म्हटलं की लोकांना एलिझाबेथची तिखट जीभ आठवते. मला पेंबर्लीचा प्रसंग आठवतो. लग्नाची मागणी घालणाऱ्या डार्सीला तिने साफ नकार दिलेला आहे. पुढे मामा-मामींबरोबर फिरताना ती त्याचाच वाडा बघायला जाते. तेव्हा मोठ्या घराण्यांचे वाडे बघायला मिळत, घरची कारभारीण हिंडून दाखवी. मालक घरी नाहीत याची आदल्या रात्री चौकशीही करून ठेवली आहे. आणि हा गृहस्थ एक दिवस आधीच परत येऊन समोर उभा! ज्याला झिडकारलं त्याच्या बागेत पर्यटक म्हणून सापडणं, याहून मोठी फजिती कुठली? कुणी पडलेलं नाही, काही सांडलेलं नाही. दोघंही लाल होतात. डार्सी तर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने तो परत येतो आणि तिच्या मामा-मामींशी ओळख करून द्यायची विनंती करतो. मामा लंडनचे व्यापारी, ज्या थराकडे डार्सीने आजवर नाक मुरडलेलं. तो मामांना मासेमारीचं आमंत्रण देतो आणि कादंबरी तिथे वळते. नायकाची खरी परीक्षा हीच : नायिकेची फजिती समोर पडली असताना तो तिचं काय करतो? हसला तर गेला. खाली वाकून सगळं गोळा करून देणाराही मला थोडा संशयास्पदच वाटतो. आपलं काहीतरी पणाला लावणारा खरा.

ऑस्टिनच्याच 'नॉर्दँगर ॲबी'ची कॅथरिन तर या सगळ्या नायिकांची आद्य आजी. भयकथा वाचून डोकं भारलेलं, वादळी रात्र, जुनं कपाट, कपाटात कागदांची गुंडाळी, आणि नेमकी मेणबत्ती विझते. रात्रभर झोप नाही. सकाळी बघते तर धुलाईची बिलं! इथवर कुणीही लिहील. ऑस्टिन पुढे तिला ते कागद गुपचूप जागच्या जागी ठेवायला लावते. मनात भरलेल्या हेन्रीला कळू नये म्हणून तिचा जीव कासावीस होतो. त्या कासाविशीमुळे ती मूर्ख न वाटता आपली वाटते. गंमत म्हणजे ही कादंबरी प्रकाशकाने १८०३ साली दहा पौंडांना घेतली आणि तशीच ठेवून दिली. १८१६ साली तेवढेच पैसे देऊन ती परत मिळवावी लागली, आणि छापून आली १८१७च्या डिसेंबरात, ऑस्टिन गेल्यावर. आमच्या जूनच्या मुदतीबद्दल मी कमी कुरकुर करते ती यामुळे.

हेलन फील्डिंगच्या ब्रिजेट जोन्सची गोष्टही 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्याच सांगाड्यावर उभी आहे. १९९५ साली 'द इंडिपेंडंट'मध्ये सदर म्हणून ती सुरू झाली, १९९६ साली कादंबरी आली. २००१च्या सिनेमात ब्रिजेट वाढदिवसाला मित्रांसाठी स्वयंपाक करते आणि तिचं सूप निळंशार होतं. सगळ्यांना ते निळं सूपच आठवतं. मला आठवतं ते हे, की मंडळी टेबलाशी बसून ते खातात.

आपल्याकडे बावळटपणाचा मक्ता बरीच वर्षं पुरुषांकडे होता. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव, पुलंचा नाथा कामत. फजिती यांची व्हायची आणि बायका एकतर कपाळाला हात लावायच्या किंवा पदराआड हसायच्या. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' (१९७५) केलं, त्यातली मंजुळा हा मोठा अपवाद. पण मंजुळेची फजिती होते तिच्या बोलीवरून, आणि हसणारे वरच्या पायरीवर बसलेले असतात. ते प्रकरण जास्त टोकदार आहे. मला हवी होती ती साधी, पगारदार, घरचं सगळं बरं असलेली मुलगी, जिला फक्त माणसांशी नीट बोलता येत नाही.

यंदाच्या कादंबरीची नायिका डोंबिवलीतल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. (नाव सांगत नाही, ते अजून बदलू शकतं.) पहाटे उठून घरोघर रक्ताचे नमुने घ्यायला जाते. हात असा की म्हाताऱ्या माणसांची सरकणारी नसही तिला एका टोचणीत सापडते. हे आधी ठरवावं लागतं. धांदरट नायिका निदान एका गोष्टीत पक्की हवी, नाहीतर वाचक तिची कीव करायला लागतो आणि कीव आली की प्रेमकथा आटोपली. या कामासाठी मी ओळखीच्या एका लॅबवाल्या ताईंबरोबर सकाळी हिंडले. "पाणी चालेल, चहा नाही" हे त्या दारातूनच सांगत. जांभळ्या झाकणाची नळी कशाला, करड्या झाकणाची कशाला, सगळं त्यांनी दाखवलं. पण मला घबाड मिळालं ते साखरेच्या तपासणीत. उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा. म्हणजे त्याच घरी त्याच सकाळी दोनदा जायचं! नायक-नायिकेला पुन्हा पुन्हा भेटवायला आम्ही काय काय योगायोग जुळवतो, आणि इथे डॉक्टरांनीच चिठ्ठीवर लिहून दिलेलं.

तर पहिली भेट. आजींच्या दंडाला पट्टा बांधलेला आहे. नातू ऑफिसच्या तयारीत बाहेर येतो आणि कंपनीतल्या सवयीने हस्तांदोलनाला हात पुढे करतो. ती तो हात धरते, सवयीने उताणा करते, कोपराच्या खळग्यात अंगठा दाबते आणि म्हणते, "छान आहे हो तुमची नस."

इथे सोपी वाट अशी की ती दचकावी, बॅग कलंडावी, नळ्या सोफ्याखाली घरंगळाव्यात. ते मला चालत नाही. ही बाई नळी पडू देणार नाही. नळ्या पडल्या तर वाचक तिच्या कामाला हसेल, आणि मग आजींचा हात तिच्या हाती सोपवायला त्याचं मन धजणार नाही. दुसरी वाट खुलाशाची : "म्हणजे, सवय आहे हो, मी सगळ्यांच्याच बघते." हे बरं आहे, कारण त्यात ती आणखी खोल जाते. पण खुलासा एकाच वाक्याचा हवा. दुसऱ्या वाक्याला लेखकच बोलायला लागतो.

म्हणून मी तिला हात सोडूच दिला नाही. एकदम सोडला तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असा तिचा हिशेब. त्यामुळे ती तपासणी पुरी करते, जणू हेच करायला आली होती, आणि गंभीरपणे सांगते, "पाणी मात्र कमी पिता तुम्ही." तो "हो" म्हणतो, आत जातो आणि मुकाट्याने भांडंभर पाणी पिऊन येतो. पट्टा बांधून बसलेल्या आजी म्हणतात, "माझी शोधायला पट्टा लागतो, याची बिनपट्ट्याची सापडली होय?"

आजी तिथे नसत्या तर हा प्रसंग उभाच राहिला नसता. फजितीला साक्षीदार लागतो. लंडनच्या नायिकेला फ्लॅटवर एकटीला बसून फोनकडे बघता येतं. आपल्या नायिकेला एकटेपण मिळत नाही आणि विनोदाच्या दृष्टीने ते फार सोयीचं आहे. शेजारच्या काकू दार उघडं ठेवून भाजी निवडत असतात, लिफ्टमध्ये कुणी ना कुणी असतंच. दोन तासांनी ती दुसऱ्या नमुन्याला येते तेव्हा आजींचे पोहे खाऊन झालेले असतात आणि तिच्यासाठी एक बशी झाकून ठेवलेली असते. मुलगी दारात, पोहे, घरातली मोठी माणसं, समोर ऑफिसला न गेलेला मुलगा. बघण्याच्या कार्यक्रमाचा सगळा सरंजाम कुणीही न ठरवता जमून आलेला. हे तिच्या लक्षात येतं ते तोंडात घास असताना. आणि मुलगा? त्याने रोजची फास्ट लोकल सोडलेली असते. डोंबिवलीकर वाचकाला याहून स्पष्ट प्रेमाची कबुली द्यायला लागत नाही.

मग गैरसमज. त्यावाचून या प्रकारात चालत नाही. देवलांचं 'संशयकल्लोळ' एका तसबिरीवर उभं आहे. आधी १८९३चं गद्य 'तसबिरीचा घोटाळा', पुढे १९१६ साली संगीत झालं. तसबीर भलत्या हातात जाते आणि जो तो आपापल्या संशयात पुढे निघतो. आज एक फोन केला की घोटाळा मिटतो, म्हणून विचारता येत नाही असं काहीतरी शोधावं लागतं. माझ्या गोष्टीतल्या आजी चोरून गोड खातात. तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य केलं की उपाशीपोटीची साखर शहाण्यासारखी येते. पण डॉक्टरांनी यंदा एचबीएवनसी सांगितलेली असते. तिच्यात मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब लागतो, तिथे दोन दिवसांचं सोवळं चालत नाही. रिपोर्ट आजींच्या हाती पडतो आणि त्या मुलीकडून वचन घेतात : घरात बोलायचं नाही. पेशंटची गोष्ट पेशंटची, हे तिलाही पटतं. पण तिला खोटं बोलता येत नाही. नातू विचारतो, "सगळं ठीक ना?" आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून दाखवते. तो काय समजायचं ते समजतो. पुढची चार प्रकरणं या तारखेवर चालतात.

हे सगळं नायिकेच्या तोंडून 'मी'मध्ये लिहिण्याचा मोह होतो. ब्रिजेटला डायरी शोभली, कारण वजन, सिगारेटी आणि पेले मोजताना ती स्वतःला रोज थोडं फसवते, आणि ते आकडेच चुगली करतात. पण आपल्याकडची 'मी' फार लवकर "मी किनई अश्शीच वेंधळी!" म्हणायला लागते, आणि ते ऐकताना कुणीतरी "नाही गं" म्हणावं अशी वाट बघितल्यासारखं वाटतं. मी तृतीय पुरुषात, पण अगदी तिच्या कानाशी बसून लिहिते. 'हात आता सोडावा का? सोडला तर वाईट दिसेल. नाही सोडला तर जास्तच.' हे कुणाचं वाक्य, तिचं की माझं? मराठीत कर्ता गाळता येतो, त्यामुळे ते उघडं न पाडता पानभर चालवता येतं. तिला तिच्या बावळटपणाचा पत्ता नाही आणि मला आहे, या फटीतच हसू राहतं.

शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. मुखपृष्ठावरच चित्र असतं. तरी तो लिहावा लागतो. नातू लॅबमध्ये येतो, कारण नसताना 'फुल बॉडी चेकअप' करून घ्यायला. इथे तिचा हात थरथरावा आणि आयुष्यात पहिल्यांदा नस चुकावी, हे कुणालाही सुचेल, म्हणून मी ते केलेलं नाही. तिचा हात स्थिर आहे. नियमाप्रमाणे ती त्याला विचारते, "पूर्ण नाव?" तो सांगतो. "वय?" तो सांगतो. दोन्ही तिला केव्हापासून पाठ आहे. "उपाशी आहात ना?" तो म्हणतो, धीर यावा म्हणून चहा घेऊन आलोय. ती पट्टा सोडते आणि सांगते, "मग आज नाही घेता यायचं. उद्या या. परवाही या."

प्रकरण तिथे संपतं. संपादकांनी समासात लाल पेनाने लिहिलंय, 'लग्न कुठाय?' मी कळवलंय, आधी रिपोर्ट तरी येऊ द्या.