इतर हक्कातली माणसं

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की बराच वेळ उसाची हिरवाई सोबत करते. पाटाच्या पाण्याचा गार, मातकट वास आणि हंगाम चालू असेल तर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प वाऱ्यावर येत राहतो. आणि मग जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही तिथे जमीन आपला मूळचा चेहरा उघडा करते, मुरमाड, फिकट, पावसाच्या भरवशावर बसलेली. त्या माळावर, बोरी-बाभळींच्या आडोशाला, बांधाच्या टोकाशी एखादा दगड अर्धा पुरलेला दिसतो. हद्दीचा दगड. गुरं राखणारी पोरं त्याच्यावर टेकतात, भावकीतली भांडणं त्याच्यापाशी सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच मिटतातही. मला तो दिसला की इथल्या कागदांची आठवण येते, कारण आपल्याकडच्या शेतजमिनीच्या कागदांचं मूळ शोधत गेलं तर वाट ह्याच इंदापूर तालुक्यात येऊन पोचते.

पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागाची मोजणी केली. शेताचं निव्वळ उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, असा फार सूक्ष्म हिशेब त्याने मांडला होता, आणि तो हिशेब प्रत्यक्ष शेतांवर उतरताच कोसळला. सारा जड झाला, रानं पडीक पडली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट ह्या दोघांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. प्रत्येक शेताला हद्द आणि नंबर, मातीची खोली आणि पोत पाहून तिची प्रत, आणि ठरलेला सारा तीस वर्षांसाठी कायम. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही रीत मुंबई इलाख्यात पक्की झाली. जमिनीच्या नऊ प्रती, सोळा आण्यांपासून खाली दोन आण्यांपर्यंत. मोजणी मातीची होती. माणूस आला तो मातीच्या पाठोपाठ, सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता. आज आपण ज्या दफ्तरांत आपली माणसं शोधायला जातो, ती दफ्तरं माणसांसाठी लिहिलेलीच नव्हती, हे मनाशी धरून गेलं तर शोधाची तगमग थोडी कमी होते असा माझा अनुभव आहे.

मी शोधत होतो आजीच्या धाकट्या बहिणीला. तिचा फोटो नाही. आजी तिच्याविषयी बोलायची ते संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, आणि तेही अर्धवट. भीमेकाठच्या एका गावात दिलेली, नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही, सासरच्यांनी ठेवून घेतली. मग धरण आलं. उजनीचं पाणी चढलं तशी नदीकाठची गावं उठली, पळसदेवसारखं जुनं, देवळाचं गावसुद्धा वर सरकलं, आणि त्या धामधुमीत दोन बहिणींचं जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. उन्हाळा कडक असला, धरणाचा साठा फार खाली गेला की पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं, लोक गाड्या करून बघायला जातात. आजी कधी गेली नाही. तिचं जे तिथे होतं ते देऊळ नव्हतं.

गावकागदांत बाई शोधणं हे वेगळंच काम आहे. सातबारा उघडला की मालकाच्या रकान्यात पुरुषांची नावं एकाखाली एक उभी असतात. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि त्या तीन अक्षरांच्या आड अख्खं घर बसलेलं असतं, चुली, पाळणे, सुना, म्हातारी माणसं, सगळं. लहान मुलगा असेल तर ‘अ.पा.क.’ लिहून पुढे पालनकर्त्याचं नाव. जुन्या नोंदींत बापाचं नाव ‘बिन’ने जोडलेलं आणि नवऱ्याचं ‘कोम’ने. बाई बहुधा फेरफारात भेटते. १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेख आले आणि कोण गेलं, मागे कोण राहिलं, जमीन कशी फिरली हे सहा नंबरच्या नमुन्यात लिहिलं जाऊ लागलं. वारसाची नोंद घालताना मुली आणि विधवा क्षणभर दिसतात. पुढच्या एखाद्या नोंदीत हक्कसोड होतं आणि त्या पुन्हा दिसेनाशा होतात. भावासाठी हक्क सोडणारी बाई त्या दिवशी काय मनात घेऊन कचेरीत आली असेल, ह्याला रकाना नाही.

आजीची बहीण मला मालकाच्या रकान्यात भेटणार नव्हतीच. ती १९५६ च्या वारसा कायद्याच्या आधी विधवा झालेली. ज्या भाऊसाहेबांनी जुनं रजिस्टर काढून दिलं (तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी गाव त्याला भाऊसाहेबच म्हणतं), त्यांनी पान उलटता उलटता बोट ठेवलं ते ‘इतर हक्क’ ह्या रकान्यावर. “बाया हितं बघायच्या, दादा,” ते म्हणाले. इतर हक्क म्हणजे सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, कुणाची जाण्या-येण्याची वाट. त्या बोज्यांच्या आणि विहिरींच्या रांगेत, दिराच्या जमिनीवर, तिचं नाव होतं. पुढे एक शब्द, पोटगी. त्या जमिनीतून तिला जेवू घालायचं होतं, एवढं सरकारदरबारी मान्य होतं. मी ते नाव पुष्कळ वेळ बघत राहिलो. आजीच्या तोंडून ते लाडाने, मोडून यायचं. इथे ते पूर्ण होतं.

त्यानंतर मी बारामती-इंदापूर ह्या दोन तालुक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. इथे एकाच वेशीच्या आत किती प्रकारची माणसं राहत आली आहेत, आणि त्यांचा माग किती निरनिराळ्या कागदांत लागतो! मराठा, धनगर, माळी शेतकऱ्याचा सातबाऱ्यात. महाराचा वतनाच्या रजिस्टरात, आणि मग १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतनं खालसा झाल्यावर पुन्हा एका नव्या नोंदीत. मुसलमान घरातल्या लेकीचा काझीच्या निकाह रजिस्टरात. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मिशनने बारामतीत काम केलं, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती कुटुंबाने देवळातली बाप्तिस्म्याची वही आधी विचारावी. पारध्याचं नाव मात्र फार ठिकाणी पोलिसांच्या हजेरीतच लिहिलं गेलं. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये उठला, पण आपल्या पणजोबाला भेटायला ज्याला चौकीच्या दफ्तरात जावं लागतं त्याच्या मनाला काय होत असेल, ह्याचा विचार आला की माझं इतर हक्कातलं दुःख फार लहान वाटतं. आणि गुजराती, मारवाडी व्यापाऱ्यांच्या चोपड्या. त्यांत तर सगळ्या जातींची नावं शेजारी शेजारी, कारण देणं सगळ्यांनाच होतं.

ह्या चोपड्यांवरून सुपे आठवतं. आज बारामती तालुक्यात असलेलं, तेव्हा भीमथडीत मोडणारं हे बाजाराचं गाव. १२ मे १८७५ ला शेतकरी तिथे सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले आणि त्यांना हवं होतं ते मुख्यतः कागद, कर्जखतं, गहाणखतं. मिळतील तशी त्यांनी ती जाळली. इंदापुरातल्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ च्या सुमारास सारा चांगलाच वाढवलेला होता, अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचा भाव बसला होता, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या निशाणीच्या वर काय लिहिलं आहे हे दुसऱ्यालाच ठाऊक असे. मी त्या जाळणाऱ्यांच्या बाजूचा आहे, लहानपणी इतिहासात वाचलं तेव्हापासून आहे. तरी अलीकडे त्या ज्वाळांचा विचार करताना वाटतं की त्या खतांच्या तळाशी कितीएक माणसांची आयुष्यातली एकुलती एक लेखी नोंद असेल. नांगराची निशाणी काढून दिलेली, बिन अमुक, राहणार तमुक. ज्या कागदाने गळा आवळला त्यानेच नावही धरून ठेवलेलं. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि कुणब्याचं खत गावनिबंधकासमोरच व्हावं अशी त्यात तजवीज झाली. कागद गेला नाही. त्याच्याभोवती साक्षीदार वाढले.

आणि २०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर हेच कागद घरोघरी बोलण्याचा विषय झाले. समितीचं काम मराठवाड्यापासून सुरू झालं आणि मग राज्यभर पसरलं. जुन्या नोंदींत ‘कुणबी’ लिहिलेलं आहे का, हे पाहायला तहसिलींमधले रुमाल सुटले. कोतवाल बुक, म्हणजे गावचा चौदा नंबरचा नमुना, ज्यात जन्म-मृत्यू आणि त्यासोबत जातही लिहिलेली; शाळांची जनरल रजिस्टरं; मोडीतले जुने उतारे. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा मान आला. आरक्षणाच्या राजकारणाविषयी ज्याचं त्याचं मत असेल, मला त्या गर्दीतलं एक दृश्य विसरता येत नाही. प्रमाणपत्रासाठी आलेला तरणा मुलगा, आणि वाचणाऱ्याने पणजोबाच्या मृत्यूची नोंद सावकाश उच्चारत वाचून दाखवल्यावर त्याचं एकदम गप्प होणं. जात कोणती लिहिली आहे हे विचारायचं क्षणभर राहूनच गेलं. मरणाचं कारण ‘ताप’ होतं, आणि पुढच्या ओळीत त्याच घरातलं एक लहान मूल होतं, त्याच आठवड्यातलं.

असं शेजारचं वाचावं लागतं. आपलं माणूस सरळ सापडत नाही, ते दुसऱ्याच्या नोंदीच्या कडेला उभं असतं. चतुःसीमेत पूर्वेचा लागू शेतकरी म्हणून, लेकाच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून, साठेखतावर साक्षीदार म्हणून. शाळेच्या रजिस्टरातली अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते, ती खरी मानायची नसते, पण आडनाव, गाव आणि आधीची शाळा ह्यांवर विश्वास ठेवता येतो. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी खंडाने दिल्या. त्या पुढे शेती महामंडळाकडे गेल्या, आणि कितीतरी वर्षांनी खंडकऱ्यांना जमीन परत द्यायचं ठरलं, तेव्हा वारसांना आजोबा, पणजोबा असे मागे मागे जात खंड लिहून देणाऱ्यापर्यंत पोचावं लागलं. कित्येकांना तेव्हा कळलं की आपल्याला एक चुलत शाखा आहे, तीही त्याच रांगेत उभी.

ज्यांची जमीनच नव्हती त्यांचं काय, हा विचार मात्र पाठ सोडत नाही. दफ्तरांचीही वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायमचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, आणि ‘ड’ वर्षभरातच निकाली. मातीचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. घामाचे जपले जातातच असं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच माळांवर खडी फोडणाऱ्या बाया, बीड-नगरकडून दर दिवाळीनंतर कोयते घेऊन येणाऱ्या टोळ्या, आज बारामतीच्या एमआयडीसीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं, उजनीच्या पाण्यात होड्या टाकणारे भोई. ह्यांच्यातल्या एखाद्याची नात पन्नास वर्षांनी इथे आली तर तिला काय उघडून दाखवायचं? मुकादमाची वही कुणी ठेवलेली नसेल. तात्पुरत्या कोपीला घरनंबर नसतो. ह्या तालुक्यांतल्या शाळांनी हंगामापुरत्या आलेल्या मुलांची नावं नीट, पूर्ण, आईच्या नावासकट लिहून ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. उद्याची चौदा नंबरची वही कदाचित तीच असेल.

आजीच्या बहिणीचा पुढचा माग भूसंपादनाच्या निवाड्यात लागला. कुणाची किती जमीन गेली, विहिरीचे किती, झाडांचे किती, अशा लांबलचक यादीत दिराच्या नावाखाली तिचा वेगळा उल्लेख होता, कारण पोटगीचा बोजा असलेल्या जमिनीचा मोबदला देताना तिचं म्हणणं घेणं आवश्यक होतं. जबाब चार ओळींचा, कारकुनाच्या भाषेतला. हरकत नाही, असा. खाली निशाणी डाव्या अंगठ्याची. शाई थोडी फाकलेली. हरकत नाही हे शब्द तिचे नसणार, पण अंगठा तिचाच. ह्याचा अर्थ गाव उठलं तेव्हा ती होती, आजीला वाटायचं तशी त्याआधीच गेलेली नव्हती. आजी असती तर तिला हे सांगताना मला फार जपून सांगावं लागलं असतं, कारण जिवंत बहिणीला भेटायचं राहिलं हे ऐकणं, मेलेल्या बहिणीसाठी रडण्यापेक्षा अवघड.

दिराच्या कुटुंबाला पुनर्वसनात जमीन मिळाली ते गाव आता कळलं आहे. तिथल्या ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद असेल, १९६९ च्या कायद्यानंतरची, म्हणजे छापील नमुन्यातली; तारीख असेल, वय अंदाजे लिहिलेलं असेल, खबर देणाऱ्याचं नाव असेल. मला त्या खबर देणाऱ्याचं नाव हवं आहे. ज्याने तिच्या मरणाची वर्दी दिली त्याने तिला शेवटी पाणी पाजलं असण्याचा संभव आहे, आणि त्याची मुलं-बाळं त्याच गावात असतील. नकलेसाठी अर्ज दिला आहे. उतारा हातात आला की आधी त्यांच्या घरी जाईन.