भोंग्यांच्या गावातून चैत्यभूमीकडे

गिरणगाव म्हणजे आपल्या आजा-पणजांच्या घामाचे गाव. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली आपली माणसे इथल्या चाळींत राहिली, पाळ्या करून जगली आणि इथेच चळवळीत उतरली. आता भोंगे बंद झाले आहेत. पण या जमिनीवर आपला हक्क काय, हे पोराबाळांना कळावे म्हणून एका रविवारी आम्ही काही कार्यकर्ते मंडळाच्या शाळकरी मुलांना घेऊन परळहून दादरपर्यंत पायी निघालो.

सुरुवात पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीपासून केली. दादरच्या राजगृहात जाईपर्यंत परमपूज्य बाबासाहेबांचा संसार अनेक वर्षे याच चाळीत होता. जवळच दामोदर हॉल. तिथे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी झाली. मुलांना आम्ही सांगितले की, गिरणीतही अस्पृश्यता होती. आपल्या लोकांना रिंग खात्यात काम मिळे, पण जास्त पगाराचे विणकाम खाते बंद होते. तिथे धाग्याला तोंड लावावे लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो कामगारांच्याच बळावर.

पुढे लोअर परळ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जागेची करायची, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. मैदाने आणि बागा कागदावर आक्रसल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. फिनिक्स मिलच्या जागचा झगमगाट पाहून एका मुलाने विचारले, "इथे आपले काय?"

त्याचे उत्तर कामगारांच्या चिकाटीत आहे. संघटना मोर्चे काढत राहिल्या, म्हणून २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली आणि २०२० साली आणखी ३,८९४ घरांची. पण अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात! मग शेलू, वांगणीकडे बोट दाखवले गेले. घर मुंबईतच हवे, म्हणून २०२५ साली म्हातारे कामगार पुन्हा आझाद मैदानावर उतरले.

वरळीला बी. डी. डी. चाळी पाहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास. पण याच चाळींनी १९७४ च्या दंगलीत पँथरची झुंज पाहिली. आता तिथे ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आनंद आहेच. परंतु लिफ्ट, पंप, देखभाल यांचा खर्च झेपला नाही, तर घर विकून लोक बदलापूर-विरारला जातील. मग इमारत नवी होईल आणि वस्ती मोडेल. गावाचा उद्धार विटा-सिमेंटने होत नाही. जुनी माणसे त्याच जागी टिकली, तरच तो उद्धार.

शेवटी प्रभादेवीवरून दादरला आलो. इंदू मिलची साडेबारा एकर जागा आपल्याला कोणी आपणहून दिलेली नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक आत घुसले, तेव्हा कुठे २०१२ साली केंद्र सरकारने जागा देण्याचे जाहीर केले. २०१५ साली पायाभरणी झाली. दहा वर्षांनी, २०२५ सालीही, काम चालूच होते. चैत्यभूमीवर वंदना घेताना मुले गप्प होती.

बंधुभगिनींनो, नवे घर मिळाले तर ते विकू नका. सोसायटीच्या सभेला नवरा-बायको दोघेही जा आणि खर्चाचा हिशेब मागा. पावसाचे पाणी साठवा, ओल्या कचऱ्याचे खत करा. त्यामुळे टँकरचा खर्च वाचेल आणि इमारतीच्या कडेला चार झाडेही जगतील. चाळीतला विहार आणि अभ्यासिका यांना नव्या इमारतीत जागा मागून घ्या. ६ डिसेंबरला हार-मेणबत्तीऐवजी एक वही, एक पेन नेण्याची पद्धत आपल्यातल्याच तरुणांनी रुजवली. फुलांचा कचरा टळला आणि गरीब मुलांच्या हाती वह्या आल्या. तीच शिस्त घराघरात यावी. आजोबांच्या गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची पावती जपून ठेवा. आपला हक्क त्या जुन्या कागदांवर उभा आहे.

जय भीम!